पूर्ण नाव तोंडानं सांगा

आमची कुसुमवहिनी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तासाला पुस्तकाला हात नाही. एकेका पोरीला उभं करायची आणि म्हणायची, "पूर्ण नाव सांग. मोठ्यानं." पोरी माना खाली घालायच्या, बाकाखालून एकमेकींना पाय मारायच्या. बापाचं नाव घेताना एखादीचा आवाजच बसायचा. वहिनी सोडायची नाही. खणखणीत ऐकू येईपर्यंत पोरगी उभी. शिक्षकांच्या खोलीत सगळे याला तिचं खूळ म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही. मी तिची नणंद तारा, आणि भावजयीला नावं ठेवायची संधी नणंदेनं सोडली म्हणजे त्यामागे तसंच काही कारण असणार.

आम्ही नागपूरच्या टिमकीतले कोष्टी. माझे बाबा, मारोतराव हेडाऊ, घरच्या मागावर नागपुरी लुगडी विणायचे. आई वच्छलाबाई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. माझा भाऊ कृष्णकांत, आमचा दादा, मागावर काही बसला नाही. तो भिलाईला कारखान्यात भट्टीवर लागला होता आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. एकाहत्तर साली त्याचं लग्न झालं. मुलगी सौंसरची, बळीराम पराते यांची यमुना. सौंसर म्हणजे आपल्याच बोलीचा मुलूख, पण सरहद्दीच्या पलीकडे, मध्य प्रदेशात. ती तिकडच्या विद्यापीठातून बी.ए.चा पहिला भाग पास होऊन आली होती.

आमच्या गल्लीत तोवर मॅट्रिकच्या पुढे गेलेली सून नव्हती. बाबांनी तिला पुढे शिकवायचं ठरवलं आणि लागलीच गावभर सांगत सुटले. सूत आणायला गेले की तिथे, चहाच्या टपरीवर, मयतीला गेले तर तिथेही, "आमची सून बी.ए. होऊन राहिली." मेलेल्या माणसाचे नातेवाईकही बिचारे माना डोलवायचे.

आता नावाचं सांगते. बाबांची थोरली बहीण यमुआत्या आमच्याच घरात राहायची. विधवा बाई, जिभेला धार. घरात दोन यमुना कशा चालणार? सुनेला रागे भरावं तर आत्याला लागायचं. म्हणून आईनं लग्नातच सुनेचं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, दादाच्या हातून अंगठीनं 'कुसुमावती' असं लिहवून घेतलं, झालं. ते तांदूळ आम्ही दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले.

दुसरी गोष्ट अशी, की आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. वहिनी शिकलेली खरी, पण तिच्या माहेरीही हेच वळण. गोकुळाष्टमीला ती 'देवाचा जन्म' म्हणायची, कारण देवाचं नाव घ्यावं तर अर्धा नवरा तोंडात यायचा. आईचं त्याहून कडक. तिच्या थोरल्या बहिणीनं भांडणाच्या भरात नवऱ्याचं नाव घेतलं होतं आणि तो माणूस त्याच पावसाळ्यात साप चावून गेला. तेव्हापासून आईनं उखाणादेखील घेतला नाही. गल्लीच्या टोकाला मारोतीचं देऊळ होतं, त्याला ती 'त्या देवाचं देऊळ' म्हणायची. मी हसायचे. माझं लग्न व्हायचं होतं, मला हसायला काय जात होतं.

वहिनीला कॉलेजात घातलं तेव्हा तिथले कारकून रुपराव यांनी सगळं समजावून दिलं. "तिकडचं पास होनं इकडं असंच नाही चालत, बाई. तिकडची गुणपत्रिका पाहिजे, तिकडच्या विद्यापीठानं सोडल्याचं मायग्रेशन पाहिजे. मंग इथलं विद्यापीठ ठरवते, का तुमचा पहिला भाग धरायचा का नाही. अन् इथं पहिल्या भागाले एक पेपर आहे, तो तिकडं नव्हता. तो तुमाले जास्तीचा द्या लागन." तोवर दुसऱ्या भागाला प्रवेश, पण तात्पुरता. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून रुपरावांनी लग्नपत्रिका मागितली. पत्रिकेवर छापलं होतं चि. सौ. कां. यमुना. 'कुसुमावती' हे फक्त ताटातल्या तांदळात होतं, आणि तांदूळ आमच्या पोटात. रुपराव म्हणाले, "लावून देतो, कोन इचारते."

परीक्षेपर्यंत खरंच कोणी विचारलं नाही. दुसऱ्या भागाचे पेपर तिनं आपल्या वर्गातल्या मुलींमध्ये बसून दिले. जास्तीचा पेपर मात्र दुसऱ्या केंद्रावर होता, पहिल्या भागाच्या अनोळखी पोरांमध्ये. त्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहिणारे काही तोतये सापडले होते, म्हणून तपासणी कडक होती. हॉलतिकिटावर फोटो नव्हता. भरारी पथकाचे एक साहेब हातात यादी घेऊन बाकाबाकाशी थांबत होते. वहिनीपाशी आले.

"नाव?"

"कुसुमावती."

"पूर्ण नाव."

वहिनीनं यादीकडे पाहिलं. मग तिनं पेन पुढे केलं. "लिहून देते."

"लिहून कोणीही देईल. सहीची तालीम करूनच येतात. तोंडानं सांगा."

तिनं मला नंतर सांगितलं, की तिला नाव येत नव्हतं असं नाही. ते जिभेच्या टोकावर होतं. पण दादा त्या वेळी भट्टीपाशी उभा असेल हे तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचं नाव कोण घेईल? खोलीतल्या पोरांनी लिहायचं थांबवलं होतं. साहेबांनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. तेव्हा तिच्या तोंडून एक पूर्ण नाव बाहेर पडलं. आजवर तोंडानं सांगायची सवय असलेलं तिचं तेवढं एकच पूर्ण नाव होतं.

"यमुना बळीराम पराते."

साहेबांच्या यादीत असं कोणीच नव्हतं. त्यांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली, तिच्यावर लाल शाईनं शेरा मारला, तिचा जबाब लिहून घेतला आणि उरलेला पेपर लिहायला दुसरी उत्तरपत्रिका दिली. तिनं काय लिहिलं हे तिलाही नंतर आठवेना.

हे सगळं तिनं मला कांड्या भरता भरता, मागाच्या खटखटीच्या आड सांगितलं. "ताई, मले माह्याच नावानं पकडलं." मी मेलीनं थट्टा केली, म्हटलं, "उखाणा घ्यायचा होतास की." ती हसली नाही. तिच्या हातातलं सूत तुटलं, आणि तिनं ते जोडायचा प्रयत्न केला तर गाठ बसेना. मग मलाही भीती वाटायला लागली.

रुपरावांनी तर होता नव्हता तो धीरही काढून घेतला. प्रकरण वर गेलं होतं. तोतयेगिरी सिद्ध झाली तर दोन वर्षं परीक्षेला बंदी. आणि तिकडून आणलेला पहिला भाग अजून पक्का धरलेला नव्हता, तोही जाणार. म्हणजे शिकलेलं सगळं मातीत, वर तोतया म्हणून नाव. "अन् लग्नपत्रिकेत तं तुमचं इथलं नावच नाही," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. प्रवेशाच्या वेळी 'कोन इचारते' म्हणणारा हाच माणूस.

निकालाच्या दिवशी बाबा पहाटेच पेपर घेऊन आले. त्यांना अक्षर लागत नव्हतं, आकडे येत. छापलेल्या नंबरांवरून बोट फिरवत ते खाली खाली गेले, पुन्हा वर आले. वहिनीचा नंबर नव्हता. ती चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "राखून ठेवला, मामाजी. तिकडून कागद याचे आहेत." अर्धं खरं होतं ते. बाबांनी विश्वास ठेवला. वर तिलाच धीर दिला, "तिकडचे लोक ढिलेच आहेत. येतीन कागद. तू कायले घाबरतं?" ते रागावून दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. त्या समजावण्यानं ती आणखीच खचली.

पुढचे दिवस घरात नुसती धास्ती. गल्लीत सायकलची घंटा वाजली की वहिनीचा हात थांबायचा. पोस्टमन पुढे गेला की ती श्वास सोडायची, आणि तो थांबला नाही याचीच भीती तिला पुन्हा धरायची. ताटातलं अन्न ती चिवडायची. यमुआत्याला वाटलं दिवस गेले, तिनं चिंच आणून दिली. वहिनीनं ती मुकाट्यानं खाल्लीसुद्धा. दादाला लिहावं तर त्याचं उत्तर घरात मोठ्यानं वाचलं जायचं, म्हणून तेही नाही.

शेवटी पत्र आलं ते नेमकं आईच्या हातात पडलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते माझ्यापुढे धरलं. वहिनी समोरच होती, तिचा चेहरा पाहून आईनं काय ते ओळखलं असणार. मी वाचलं. तोतयेगिरीच्या संशयाबद्दल समितीपुढे हजर राहावे, ओळख पटवणारा जवळचा नातेवाईक सोबत आणावा, न आल्यास कागदपत्रांवरून निर्णय घेतला जाईल.

"तोतया म्हंजे?" आईनं विचारलं.

"दुसऱ्याचं सोंग घेतलेला."

आईनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि त्याची घडी केली. मग म्हणाली, "पन नाव तं म्या ठेवलं."

मी म्हटलं, बाबांना सांगू. आईनं मागाकडे पाहिलं. माग चालूच होता. "त्यांले नाही सांगायचं. साऱ्या टिमकीत सांगून बसले ते. माह्या हातानं झालं, मी येतो."

सिव्हिल लाइन्समधल्या विद्यापीठाच्या इमारतीत आम्ही तिघी गेलो. मी वाट दाखवायला. आईनं दाराबाहेर चपला काढल्या, देवळात काढतात तशा. मी खुणेनं सांगितलं की इथे घालून जातात, पण तिनं ऐकलं नाही. आत लांब टेबलामागे तिघे बसले होते. मधले वयस्कर होते आणि अगदी हळू बोलत होते. ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, आमच्या घरात यमुआत्या होती. या हळू बोलणाऱ्या माणसाची वाटली. मला दाराशी थांबायला सांगितलं.

त्यांनी वहिनीचा जबाब वाचून दाखवला. "तुम्ही यमुना, की कुसुमावती?"

"दोन्ही," वहिनी म्हणाली. आवाज इतका बारीक की त्यांनी पुन्हा विचारलं.

"लग्नानंतर नाव बदललं त्याचा पुरावा?"

"आई आहेत."

त्यांनी आईकडे पाहिलं. "तुमचं नाव?"

"वच्छला."

"पूर्ण नाव सांगा."

आई जमिनीकडे पाहत राहिली.

"नवऱ्याचं नाव काय?"

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी दारातून म्हटलं, "माझ्या बाबांचं नाव..." पण मधल्या साहेबांनी हात वर केला. "तुम्ही नाही. साक्षीदाराला बोलू द्या."

बाजूचे एक जण दुसऱ्याला म्हणाले, "दोघींनाही नाव सांगता येत नाही. पढवून आणलंय, पण कच्चं पढवलंय."

मधले साहेब तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "बाई, साक्षीदाराचं नाव जबाबात आल्याशिवाय साक्ष धरता येत नाही. तुम्ही सांगणार नसाल तर मला कागदांवरून ठरवावं लागेल. आणि कागदावर या दोन निराळ्या बाया आहेत."

वहिनीनं आईकडे पाहिलं. आईचे ओठ हलत होते, ती देवाचं काहीतरी म्हणत होती, आणि देवाचं नाव टाळून म्हणत होती. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जागची उठली, आईच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "आई, चाला घरी. जाऊ द्या पेपर. मामाजींपेक्षा काय मोठा आहे तो?"

आई उठली नाही. तिनं वहिनीचा हात दंडावरून काढला आणि आपल्या हातात घट्ट धरला. मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "मारोती."

मी दाराची चौकट धरली. मला असल्या गोष्टी खऱ्या वाटत नव्हत्या, तरी धरली.

"मारोती लक्ष्मण हेडाऊ," आई म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "त्यायची मी बायको. ही माही सून. यमुनाची कुसुम म्या केली, घरात नन्देचं नाव तेच होतं म्हनून. तोतया म्हनाचं असंन तं मले म्हना."

वहिनी उभीच होती. तिला आता कोणी विचारलं नव्हतं. पण एकट्या आईनंच का घ्यावं, असं तिला वाटलं असणार. तिनं स्पष्ट सांगितलं, "कुसुमावती कृष्णकांत हेडाऊ." आणि सांगून झाल्यावर तोंडावर हात ठेवला.

मधल्या साहेबांनी काही लिहिलं. किती तरी वेळ लिहीत होते. मग मान वर न करता म्हणाले, "जा बाई. निकाल लागेल."

दुसऱ्या कोणी असत्या तर बाहेर येऊन हसल्या असत्या. आई अनवाणीच निघाली, तिच्या चपला मी हातात घेऊन मागे पळाले. रिक्षावाल्याला ती सारखी म्हणत होती, "जोरात चालव गा, जोरात." सदरचा भाग गेला, बाजार गेला, तिचं कशाकडे लक्ष नव्हतं. वहिनीला घाई करूनही उपयोग नव्हता. भिलाई तर रिक्षानं गाठण्यासारखी नव्हती.

आमचा माग गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. आम्ही गल्लीत शिरलो आणि काही ऐकू आलं नाही. आईनं रिक्षा थांबायच्या आधीच पाय खाली टाकला. तिला मी जन्मात कधी पळताना पाहिलं नव्हतं. लुगडं एका हातात उचलून ती त्या उन्हात पळत होती, आणि वहिनी तिच्या मागे, आणि मला वाटलं, झालं, घेतलं नाव आणि झालं.

बाबा दारात बसून ताण्याचे धागे जोडत होते. त्यांनी मान वर केली. "कुठी गेल्या होत्या वं साऱ्याच्या साऱ्या?"

आई पायरीवर बसली. तिला दम लागला होता. "काहून बंद केला माग?"

"धागा तुटला."

आई आत गेली आणि मोरीत जाऊन ओकली. वहिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. दादाचं खुशालीचं पत्र येईपर्यंत वहिनी नीट जेवली नाही. पत्रात त्यानं जोडे फाटल्याचं लिहिलं होतं. ते वाचून वहिनी रडली, तर बाबा म्हणाले, जोड्यासाठी काय रडतं.

निकाल लागला. दुसरा भाग पास, जास्तीचा पेपर पास, तिकडचा पहिला भाग कायमचा धरला गेला. बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. वहिनी पुढे बी.ए. झाली, बी.एड. झाली, शाळेत लागली. बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

पण आईची भीती गेली नाही. बाबांना साधा खोकला झाला तरी ती आधी वहिनीकडे पाहायची. वहिनीही तिच्याकडे पाहायची. मग एक जण काढा करायला उठायची आणि दुसरी पांघरूण काढायची. एखाद्या वर्षी बाबांना हिवताप व्हायचा, तेव्हा तर दोघी आळीपाळीनं उशाशी बसायच्या. आपणच लावून ठेवलेलं काही विझवत असल्यासारख्या. मला हे दिसायचं. एकदा मी न राहवून म्हटलं, "आई, इतकी वर्षं झाली, आता काय होणार आहे?" ती म्हणाली, "तुले काय मालूम. देव मांडून ठेवत असन."

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात बाबा गेले. म्हातारे होऊन, झोपेत, कोणाला त्रास न देता. घर माणसांनी भरलं होतं. महानगरपालिकेच्या नोंदीसाठी एक माणूस कागद घेऊन दारात आला आणि म्हणाला, "मयताचं पूर्ण नाव सांगा." दादा भिंतीकडे तोंड करून बसला. वहिनी पुढे झाली, पण सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं आणि पाहुण्या बाया सगळ्या बघत होत्या. ती अडखळली.

तेव्हा आई कोपऱ्यातून बोलली. स्पष्ट, साऱ्या घराला ऐकू जाईल असं. "मारोती लक्ष्मण हेडाऊ."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. आईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती वहिनीला म्हणाली, "आता कायचं भेव, वं. लिहू दे त्याले."

बाबा गेल्यापासून एक टिपूस न काढलेली वहिनी तिथेच खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिनं पहिल्या तासाला पुस्तक बाजूला ठेवलं आणि पहिल्या बाकावरच्या पोरीला उभं केलं.